सामाजिक प्रकल्पावरून शिष्यवृत्तीचा अर्ज: आधी नोंदवही, मग निबंध

पाटीपेन्सिल (धागालेखक)

अर्जांचा हंगाम आला की ‘निबंध कसा लिहू’ असे धागे निघतात. हा धागा त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. विद्यार्थ्यांनी चालवलेला एखादा सामाजिक प्रकल्प (वाचनतास, कचरा वेगळा करण्याची मोहीम, ज्येष्ठांना मोबाइल शिकवणं, काहीही) अर्जाचा कणा करायचा असेल, तर लिहायला बसण्याआधी हाताशी काय असायला हवं ते इथे जमवू या.

अर्ज भाषेमुळे पडतो असा एक समज आहे. बहुतेकदा लिहिण्याजोगं काही नोंदलेलंच नसतं आणि ती पोकळी मग ‘अमूल्य अनुभव’, ‘समाजाचं ऋण’ असल्या शब्दांनी बुजवली जाते.

सगळ्यांना एकाच उदाहरणावर बोलता यावं म्हणून एक कल्पित प्रकल्प घेऊ. चौथीच्या मुलांसाठी वाचनतास: आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ४५ मिनिटं, १२ आठवडे. ठरलेली सत्रं ३६, झालेली ३३, कारण ३ परीक्षेत बुडाली. नाव नोंदवलेली मुलं ३८, चालवणारे विद्यार्थी ६.

नोंदवहीत दर सत्राला एक ओळ पुरते. तारीख, सुरू-बंद वेळ, हजर मुलांचे क्रमांक (नावांची यादी वेगळ्या कागदावर, कुलपात), त्या दिवशी कोण शिकवत होतं, काय वाचलं आणि शेवटचा रकाना ‘काय बिघडलं’. हा शेवटचा रकाना सगळे गाळतात, आणि निबंध लिहिताना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. उदाहरणार्थ: ‘सत्र ७: पुस्तकं कमी पडली, १० मुलं जोडीने बसली, जोडीतलं एक वाचत होतं, दुसरं नुसतं बघत होतं. सत्र ८ पासून पानाआड पाळी.’ अडचण, निरीक्षण आणि बदल, सगळं दोन ओळींत. सहा महिन्यांनी हे आठवून लिहू म्हटलं तर ‘अनेक आव्हानांना तोंड दिलं’ एवढंच आठवतं.

मोजणीतली नेहमीची चूक इथेच सांगतो. ३३ सत्रांच्या हजेरीची बेरीज समजा ७४२ झाली. ही ७४२ मुलं नव्हेत, ती हजेरी. मुलं ३८च. ७४२ भागिले ३३ म्हणजे दर सत्राला सरासरी २२ मुलं. अर्जात ‘७४२ मुलांपर्यंत पोहोचलो’ लिहिलं आणि मुलाखतीत कोणी सहज ‘शाळेत मुलं किती आहेत?’ विचारलं की विषय संपला.

स्वतःच्या तासांचंही तेच. ३३ सत्रं गुणिले ४५ मिनिटं म्हणजे पावणेपंचवीस तास. स्वयंसेवकांची ४ प्रशिक्षणं, प्रत्येकी २ तास, म्हणजे ८. तयारी आठवड्याला दीड तास म्हणजे १८. एकूण ५१च्या आतच. लोक बेधडक २०० लिहून मोकळे होतात. काही ठिकाणी तास ही थेट पात्रतेची अट असते. चेव्हनिंगला (ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती) किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यात स्वयंसेवी कामही धरता येतं. तिथे अंदाजपंचे आकडा टाकून चालत नाही.

बाकीच्यांनी भर घालावी. आकडेमोड, तुमची वाट बघतोय.

---

उंबरठा

फार उपयोगी धागा. एक अडचण: प्रकल्प होऊन गेला असेल आणि नोंदवही ठेवलेलीच नसेल तर? आता मागच्या तारखांच्या नोंदी करणं म्हणजे खोटेपणाच ना?

---

पाटीपेन्सिल

मागच्या तारखा घालून नवी वही तयार करणं हा खोटेपणाच. उरलेल्या खुणांवरून हिशेब जुळवणं मात्र योग्य आहे, फक्त तसं स्पष्ट लिहायचं. खुणा बऱ्याच असतात: गटातल्या व्हॉट्सॲप संदेशांच्या तारखा, फोटोंची वेळ, शाळेचं हजेरीपत्रक, झेरॉक्सची बिलं, खोली मागितल्याचे ईमेल. एक्सेलमध्ये तीन रकाने करा: घटना, तारीख, ‘हे कशावरून’. तिसरा रकाना रिकामा राहिला की ती ओळ अर्जात जात नाही.

आणि मागचं मोजमाप हुकलं असलं तरी आजचं करता येतं. वाचनतास संपल्यावर पुस्तकांचं कपाट वापरात आहे का? देवघेवीच्या वहीत गेल्या ५ आठवड्यांत ३८ पैकी किती मुलांची नावं किमान एकदा आली? समजा १९. ‘वाचनतास संपल्यावरही गेल्या पाच आठवड्यांत ३८ पैकी १९ मुलांनी किमान एकदा पुस्तक घरी नेलं’ हे वाक्य कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा जड आहे.

---

आकडेमोड

आलो.

बदल दाखवायचा असेल तर मोजमाप सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे लागतं, हे आता सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती त्यानंतर.

वाचनासाठी सगळ्यात सोपं माप: मूल एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द. एकेका मुलाला वेगळं बसवायचं, न पाहिलेला उतारा द्यायचा, घड्याळ लावायचं, चुकलेले आणि सोडलेले शब्द वजा करायचे. शेवटच्या चाचणीला तोच उतारा वापरू नका, मुलांना तो पाठ असतो. तेवढ्याच पातळीचा दुसरा घ्या. आणि शक्य असेल तर चाचणी त्या मुलांना शिकवणाऱ्याने घेऊ नये. आपल्या मुलाला आपण नकळत अर्धा सेकंद जास्त देतो.

आता आकडे. सुरुवातीला ३८ मुलांची सरासरी ४१ शब्द आली. शेवटच्या चाचणीला २७ मुलं हजर होती, त्यांची सरासरी ६३. अर्जदार लिहितो: ‘वाचनाचा वेग २२ शब्दांनी वाढला.’ चूक. त्याच २७ मुलांची सुरुवातीची सरासरी काढा. ती निघते ४६. म्हणजे वाढ १७ची, २२ची नाही.

उरलेल्या ११ मुलांचं काय? ३८ गुणिले ४१ म्हणजे १,५५८. २७ गुणिले ४६ म्हणजे १,२४२. फरक ३१६, भागिले ११, म्हणजे साधारण २९. सोडून गेलेली मुलं सगळ्यात कच्ची होती. ज्यांच्यासाठी वाचनतास काढला तीच गळाली. ही गोष्ट लपवण्याची नाही. प्रकल्पाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच आहे आणि ती दोन मिनिटांच्या वजाबाकीत हाती येते.

पुढचा प्रश्न: १२ आठवड्यांत मुलं शाळेतही शिकतच असतात. १७ पैकी तुमचे किती? शेजारच्या तुकडीतल्या, वाचनतासाला न येणाऱ्या २४ मुलांची दोन्ही वेळा चाचणी घेतली असेल आणि ती ४५ वरून ५२ वर गेली असतील, तर ७ शब्द आपोआपचे. तुमच्या वाट्याला अंदाजे १०. ‘अंदाजे’ हा शब्द ठेवायचाच, कारण दोन तुकड्यांचे शिक्षक वेगळे असू शकतात. तुलनेला गट नसेल तर ‘आमच्यामुळे वाढला’ म्हणू नका, ‘या काळात वाढला’ म्हणा.

आणखी एक सापळा. पहिल्या चाचणीत सर्वात कमी गुण पडलेली मुलं निवडून फक्त त्यांच्यावर काम केलं, तर काही न करताही त्यांची सरासरी थोडी वर जाते. त्या दिवशी कोणाला ताप होता, कोणी घाबरलं होतं, आणि दुसऱ्या वेळी ते नसतं. सरासरीकडे परतण्याची ही ओढ ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवली. अशी निवड केली असेल तर सुरुवातीलाच दोनदा चाचणी घेऊन दोन्हींची सरासरी धरा, म्हणजे हा परिणाम बराच कमी होतो.

टक्क्यांबद्दल थोडक्यात: एकूण संख्या पन्नासच्या आत असेल तर टक्के एकटे लिहू नयेत. ‘८०% मुलं सुधारली’ यापेक्षा ‘१५ पैकी १२’ लिहा. आणि ४०% वरून ५०% झाले तर ती वाढ १० टक्क्यांची नाही. १० टक्के बिंदूंची आहे, किंवा मूळच्या तुलनेत २५ टक्के.

---

टाचणी

सगळं मान्य. पण निवड समितीत संख्याशास्त्रज्ञ बसलेले नसतात. शेजारच्या अर्जात ‘५०० लाभार्थी’ झळकत असताना तुमचे ‘अंदाजे १० शब्द’ कोण विचारतो? प्रामाणिकपणाने पोट भरत नाही.

---

लालशाई

टाचणी, समितीत संख्याशास्त्रज्ञ नसतात हे खरं, पण अर्ज वाचून वाचून डोळे पिकलेले लोक असतात. ‘५०० लाभार्थी’ त्यांनी त्याच दिवशी वीसदा वाचलेलं असतं. ‘११ मुलं सोडून गेली आणि ती सगळ्यात कच्ची होती’ हे मात्र क्वचितच कोणी लिहितं. ते वाचून डोळा थांबतो, आणि पुढचा आकडा विश्वासाने वाचला जातो.

शिवाय अनेक फॉर्मांमध्ये आता ‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ असे दोन वेगळे रकाने असतात. ३३ सत्रं, ३८ मुलं हे पहिल्यात. वाचनवेगातली वाढ दुसऱ्यात. दोन्हीकडे लाभार्थीच भरले की फरक कळलेला नाही हे उघडं पडतं.

आता निबंध. नेहमीची सुरुवात अशी असते:

‘लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे. आजच्या स्पर्धेच्या युगात वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे. हे चित्र पाहून माझं मन हेलावलं आणि मी वाचनतास हा उपक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला.’

यातला प्रकल्पाचा शब्द काढून ‘वृक्षारोपण’ घातला तरी परिच्छेद तसाच उभा राहतो. म्हणजे त्यात काही नाही. तोच परिच्छेद नोंदवहीवरून:

‘चौथीतल्या ३८ मुलांना एकेक करून मिनिटभर वाचायला दिलं, तेव्हा १४ जण तीस शब्दांच्या आत थांबले. पुस्तकांचं कपाट वर्गातच होतं. त्याची किल्ली कार्यालयात असायची आणि कार्यालय मधल्या सुट्टीत बंद. पुस्तकं आणायला निधी मागण्याचं आमचं पत्र तयार होतं. ते बाजूला ठेवून आम्ही आधी किल्ली मागितली.’

किल्लीकडे बघा. अडचण नेमकी कुठे आहे हे शोधलं, ठरलेला बेत बदलला, अधिकारी माणसाशी बोलणी केली. ‘नेतृत्व’, ‘चिकित्सक वृत्ती’ हे शब्द न उच्चारता दोन्ही दिसतात. तुमच्या प्रकल्पातली ‘किल्ली’ शोधा. बहुतेक वेळा ती ‘काय बिघडलं’ रकान्यातच सापडते.

५०० शब्दांचा निबंध असेल तर वाटणी साधारण अशी करते: अडचण ७०, हाच उपाय का ६०, केलेलं काम आणि वाटेत केलेले बदल १९०, निकाल ९०, आता ते कोण चालवतं ४०, पुढच्या शिक्षणाशी नातं ५०. अर्ज फसतात ते अडचणीवरच २५० शब्द खर्च झाल्यामुळे. देशातल्या साक्षरतेचं भाषण समितीला नको असतं, तुमची चौथी हवी असते.

निकष आधी छापून समोर ठेवा. गेट्स केंब्रिजचे (केंब्रिज विद्यापीठातली शिष्यवृत्ती) चार निकष जाहीर आहेत: शैक्षणिक गुणवत्ता, अभ्यासक्रम निवडण्यामागची कारणं, इतरांचं जीवन सुधारण्याची बांधिलकी आणि नेतृत्वक्षमता. सामाजिक प्रकल्प तिसऱ्या-चौथ्यात थेट बसतो, पण दुसऱ्यात ओढूनताणून नाही. भाषाशास्त्राला अर्ज करणाऱ्याने ‘मुलं जोडाक्षरांवर अडखळतात, ते का’ हा प्रश्न प्रकल्पातून आला असं दाखवलं तर दुवा बसतो. स्थापत्य अभियांत्रिकीला अर्ज असेल तर वाचनतास चारित्र्याचा पुरावा म्हणून ठेवा, अभ्यासक्रमाच्या कारणांत घुसडू नका. निबंध झाला की प्रत्येक वाक्याच्या समासात कोणत्या निकषाचं ते आहे त्याचा क्रमांक लिहा. क्रमांक न मिळालेली वाक्यं बहुधा शोभेची निघतात.

---

टाचणी

किल्लीला दाद. ५०० लाभार्थी मागे घेतो.

---

कुंपण

वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

उंबरठा

लालशाई, ‘मी’ आणि ‘आम्ही’चं कोडं सुटत नाही. सहा जणांचं काम आहे. सगळीकडे ‘मी’ लिहिलं तर बाकीच्यांवर अन्याय, ‘आम्ही’ लिहिलं तर माझं काय ते कळत नाही.

---

लालशाई

काम ‘आम्ही’, निर्णय ‘मी’. ‘वाचनतास आम्ही सहा जण चालवत होतो. पुस्तकांच्या चार पातळ्या मी लावल्या आणि सातव्या सत्रानंतर पानाआड पाळीचा नियम मी आणला. चाचणीचा तक्ता एका मैत्रिणीने बनवला, तो माझ्यापेक्षा तिलाच जमतो.’ शेवटच्या वाक्याने तुमचं काही कमी होत नाही. उलट आधीच्या दोन वाक्यांवर विश्वास बसतो. आणि पद सांगून थांबू नका. ‘अध्यक्ष’, ‘संस्थापक’ ही बिरुदं आहेत, काय ठरवलं ते सांगा. सहापैकी दोघे एकाच शिष्यवृत्तीला अर्ज करत असतील तर आधी एकत्र बसून आकडे आणि वाटण्या जुळवून घ्या. एकात ३८ आणि दुसऱ्यात ४५ मुलं निघाली तर दोघेही गेले.

---

खडूफळा

शिफारसपत्रांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

मोठ्या पदावरच्या, पण तुमचं काम न पाहिलेल्या व्यक्तीचं पत्र हे जवळजवळ कोरं पत्र. ‘सदर विद्यार्थी होतकरू व कष्टाळू असून’ इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. आठवड्यातून एकदा वर्गाच्या दारात उभं राहून बघणाऱ्या वर्गशिक्षिकेचं पत्र त्याहून कितीतरी जड, कारण तिला प्रसंग सांगता येतो.

विचारणा शेवटच्या तारखेच्या ४ ते ६ आठवडे आधी. आणि विचारताना नुसतं ‘पत्र द्याल का’ न म्हणता ‘या कामाबद्दल सविस्तर लिहिता येईल इतकं तुम्ही ते पाहिलंय का’ असं विचारा. त्यात नकाराला वाट राहते. कसंनुसं दिलेलं पत्र नकारापेक्षा वाईट.

होकार मिळाला की एक पान द्या, जास्त नाही. त्यावर: शिष्यवृत्तीचं नाव आणि निकष, शेवटची तारीख आणि वेळ, पत्र कसं पाठवायचं (दुवा त्यांना थेट ईमेलने येणार असेल तर तो कोणत्या पत्त्यावरून येईल, कारण असे ईमेल हमखास स्पॅममध्ये जातात), प्रकल्पाचे पाच-सहा पक्के आकडे, आणि त्यांनी स्वतः पाहिलेले दोन-तीन प्रसंग तारखेसह आठवण म्हणून. आकडे द्यायचेच, नाहीतर पत्रात ‘शंभरएक मुलं’ आणि निबंधात ३८ असं होतं.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं तर? आदरपूर्वक मुद्द्यांचं पानच पुढे करा. दोन कागदांची भाषा एका हाताची आहे हे सराईत वाचकाला लगेच कळतं. अनेक ठिकाणी नियमच असा असतो की पत्र लिहिणाऱ्याने स्वतः लिहावं. काही फॉर्मांत ‘हे पत्र वाचण्याचा हक्क सोडता का’ असा प्रश्न असतो. सोडा. गोपनीय पत्राला वजन जास्त.

दोन पत्रं मागितली असतील तर दोघांकडून एकच गोष्ट नको. एकाने प्रकल्प, दुसऱ्याने अभ्यास. आठवण एकदा दहा दिवस आधी, एकदा तीन दिवस आधी. त्याहून जास्त नको, माणसं वैतागतात.

---

रात्रपाळी

फोटो आणि फाइलींचा भाग माझ्याकडे.

फोटो: लहान मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती हवी आणि मुलालाही विचारायला हवं. संमतीपत्रात फोटो कुठे वापरणार (‘शिष्यवृत्तीच्या अर्जात, संकेतस्थळावर नाही’) आणि संमती नंतर मागे घेता येते हे लिहिलेलं असावं. शाळेने परवानगी दिली म्हणजे पालकांनी दिली असं होत नाही. सगळ्यात सोपं: पाठमोरे फोटो किंवा नुसतं काम. देवघेवीच्या वहीचं पान, नावं झाकून. पातळ्यांच्या रंगीत पट्ट्या लावलेलं कपाट. मुलांच्या घोळक्यात मधोमध उभं राहून हसणारा अर्जदार, हा फोटो घालूच नका. त्यात पुरावा काही नसतो.

फोनवर काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. पाठवण्याआधी ते काढून टाका. फोनमध्ये शेअर करताना तसा पर्याय असतो, नाहीतर स्क्रीनशॉट घेऊन तो वापरा.

नावं: मुलांची खरी नावं निबंधात, तक्त्यात, फाइलच्या नावात, कुठेही नकोत. टोपणनाव वापरलं तर ‘नाव बदललं आहे’ एवढं लिहा.

दुवे: गूगल ड्राइव्हचा दुवा दिला आणि परवानगी ‘फक्त मी’ वर राहिली, ही चूक दर हंगामात होते. दुवा खासगी खिडकीत, लॉगइन न करता उघडून बघा. आणि वाचक दुवा उघडेलच असं धरून चालू नका. निर्णायक गोष्ट फॉर्ममध्येच हवी.

पीडीएफ: मराठी मजकूर असेल तर फॉन्ट आतच बसवलेला हवा, नाहीतर पलीकडे चौकोन दिसतात. पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून बघा, स्वतःच्या संगणकावर सगळं ठीकच दिसतं. आकाराची मर्यादा असेल तर स्कॅन करड्या रंगात, १५० डीपीआयला, साध्या मजकुराला तेवढं पुरतं.

अक्षरमर्यादा: हा मुद्दा मराठीत अर्ज करणाऱ्यांसाठी. फॉर्म ‘अक्षरं’ मोजतो म्हणजे युनिकोडची चिन्हं मोजतो. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, फॉर्मला सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. त्यामुळे ५०० अक्षरांची चौकट मराठीत वाटते त्यापेक्षा फार लवकर भरते. वहीत मोजून लिहू नका, चौकटीतच चिकटवून बघा. वर्डमधून चिकटवलं की तिरकी अक्षरं आणि यादीचे ठिपके उडतात, म्हणून मजकूर आधीच साधा ठेवा.

इंग्रजी फॉर्मांतही जागा तुटपुंजीच असते. कॉमन ॲपमध्ये (अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशाचा सामाईक फॉर्म) जास्तीत जास्त १० उपक्रम आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. तिथे कर्ता गाळा, क्रियापदाने सुरू करा, मग आकडा, मग बदल. विशेषणाला जागाच नाही, आणि बरंच आहे ते.

---

उंबरठा

एआयकडून निबंध तपासून घेतला तर चालतो का?

---

लालशाई

नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे आहेत. काही ठिकाणी व्याकरण तपासणं चालतं, काही ठिकाणी अर्जदाराकडून ‘हे माझंच लेखन आहे, कोणाचीही मदत घेतलेली नाही’ असं लिहून घेतात. त्या वर्षीची नियमावली शब्दशः वाचा. नियम सोडूनही एक व्यावहारिक धोका आहे: किल्लीसारखा खडबडीत तपशील गुळगुळीत होतो. ‘कार्यालय मधल्या सुट्टीत बंद’ याचं ‘संसाधनांच्या उपलब्धतेतील अडथळे’ होतं आणि निबंध शेजारच्या वीस निबंधांसारखा दिसायला लागतो. त्यापेक्षा निबंध प्रकल्पाबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा आणि नंतर त्याला विचारा: काय अडचण होती, काय केलं, काय झालं? यातलं जे त्याला सांगता येणार नाही तो परिच्छेद परत लिहा.

---

टाचणी

आता विरोध सोडून मुलाखतीचे प्रश्न देतो. तयारी नसली की हमखास पाडणारे:

तुम्ही नसता तर काय झालं असतं? (शेजारच्या तुकडीचा ४५ ते ५२ इथे कामी येतो.)

सोडून गेलेल्या ११ मुलांच्या घरी कोणी गेलं का? कारण काय निघालं? ‘नाही गेलो’ हे खरं असेल तर तसंच सांगा आणि परत केलं तर कोणत्या आठवड्यात जाल ते सांगा. ‘पुढच्या वेळी काळजी घेऊ’ हे उत्तर नव्हे. ‘सलग तीन सत्रं गैरहजर राहिलं की चौथ्या दिवशी घरी’, हे उत्तर.

शिक्षकांचं म्हणणं काय होतं? कोणाचा विरोध होता? विरोध नव्हताच म्हणणारा अर्जदार बहुधा लोकांशी बोललेलाच नसतो.

निम्म्याच पैशांत करायचं असतं तर काय सोडलं असतं? इथे खर्चाचा कागद लागतो: रोख खर्च एका बाजूला, वस्तुरूप मदत (खोली, जुनी पुस्तकं, कागद) दुसऱ्या बाजूला. दोन्हींची एकत्र बेरीज करून ‘एवढा निधी उभारला’ म्हणू नका.

---

उंबरठा

खूप मिळालं. शेवटचा प्रश्न, अर्ज नेमका कधी पाठवावा? शेवटच्या दिवसापर्यंत सुधारत राहिलं तर बरं ना?

---

रात्रपाळी

४८ तास आधी. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रांगायला लागतं आणि फाइल चढता चढत नाही.

आणि वेळ नीट वाचा. १२:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे भर दुपारचे बारा, मध्यरात्र नव्हे. ती तुमच्या घड्याळात किती वाजता येते ते कागदावर मांडा, तोंडी नको. कुठे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ लिहिलेलं असतं, म्हणजे यूटीसीच्या १२ तास मागे असलेल्या पट्ट्यात तो दिवस संपेपर्यंत. पाठवल्यावर पावतीचा ईमेल येतो का बघा, आलेला अर्ज पीडीएफ म्हणून उतरवून घ्या आणि पानं मोजा. जोडपत्रातलं तिसरं पान नसणं हे त्याच वेळी लक्षात आलं तर ४८ तास हाताशी असतात.

शिफारसपत्रांची शेवटची तारीख कधी कधी वेगळी असते. ती अर्जाच्या तारखेच्या आधीची आहे की नंतरची, तेही आजच बघून ठेवा.

---

उंबरठा

बघितली. पत्रांची तारीख अर्जाच्या सहा दिवस आधीची निघाली! खडूफळांचं एक पानी टिपण आजच बनवते.